वाढत्या पायाची टक्केवारी

अपंगत्वाच्या दाखल्यावर 12 टक्के लिहिलं होतं. जिल्हा रुग्णालयाचा दाखला, गोल शिक्का, खाली डॉक्टरांच्या सह्या. मोटार अपघात दाव्यात जखमीला काय मिळणार हे बरंचसं या आकड्यावर ठरतं आणि जखमी मूल असेल तर जास्तच. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मल्लिकार्जुन निकालात मुलांसाठी टप्पे घालून दिले : 10 टक्क्यांपर्यंत 1 लाख, 30 पर्यंत 3 लाख, 60 पर्यंत 4 लाख, 90 पर्यंत 5 लाख, त्यापुढे 6 लाख. उपचाराचा खर्च वेगळा. विमा कंपन्यांचे वकील हे टप्पे तोंडपाठ ठेवतात.

मुलगी सात वर्षांची होती. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने शाळेतून घरी येताना भाजीच्या टेम्पोने उडवलं आणि मांडीचं हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडलं. मी तिची वकील. दावा तिच्याच नावाने, ‘अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई’ असा, म्हणजे अल्पवयीन मुलीच्या वतीने पालनकर्ती आई. विमा कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, ठरलेलं वाक्य होतंच : मुलगी अचानक रस्त्यात धावत आली. एवढ्या लहान मुलावर निष्काळजीपणाचा वाटा न्यायालय सहसा टाकत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी लिहितात, आणि ते खोडण्यात तारखा जातात.

लोकअदालतीच्या आधी कंपनीने साडेतीन लाखांची तयारी दाखवली. वडील लगेच राजी होते. दवाखान्यासाठी पाहुण्यांकडून पैसे उचललेले, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. पण अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. ती मागताना या मुलाचं पुढे काय होणार आहे हे वकिलाने सांगायला हवं. आमच्याकडे लोकअदालतीच्या गर्दीत ही परवानगी नुसती एका सहीपुरती उरली आहे, आणि अपघात विभागातून दलालांमार्फत दावे उचलणाऱ्या वकिलांना तर तेवढीही सवड नसते. मला ते आकड्याचं गणितच पटत नव्हतं, कारण तिच्या एक्स-रेच्या अहवालात एक ओळ होती : वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून लांब होत जातं तो भाग, बंद झालेली दिसते.

मी तिच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना साक्षीला बोलावलं. डॉक्टर साक्ष टाळतात ही आम्हा सगळ्यांची तक्रार आहे. समन्स गेलं की त्या दिवशी नेमकी शस्त्रक्रिया निघते. हे मात्र ओपीडी सोडून आले आणि न्यायालय रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिले.

उलटतपास थोडक्यात आटोपला. मुलगी आज चालते का? चालते. शाळेत जाते? जाते. आज पाय किती आखूड आहे? पावणेदोन सेंटीमीटर. शासनाच्या तक्त्यात पहिल्या अर्ध्या इंचाला शून्य टक्के आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार, हे बरोबर? बरोबर. समोरचे वकील समाधानाने खाली बसले. त्या 12 टक्क्यांत बहुतेक भाग गुडघा पुरता वळत नाही याचाच होता.

फेरतपासात मी एवढंच विचारलं, की हा पाय चौदाव्या वर्षी किती आखूड असेल? हरकत आली, ही भाकितं आहेत म्हणून. सदस्य साहेबांनी, म्हणजे दावा ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी, हरकत नोंदवून घेतली आणि प्रश्न विचारू दिला. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ गुडघ्याजवळच्या या पट्टीतून होते, म्हणाले. वर्षाला साधारण नऊ मिलिमीटर. मुलींची उंची चौदाच्या आसपास थांबते. पट्टी सातव्या वर्षी बंद पडली, म्हणजे फरक सहा सेंटीमीटरच्या पुढे जाणार. मग हाड कापून बाहेरून रिंग लावायची आणि दिवसाला एक मिलिमीटर असं ते लांबवायचं. एवढं अंतर एका वेळेत होईल याची खात्री नाही. साहेबांनी विचारलं, “डॉक्टर, मग दाखल्यावर हे का नाही?” ते म्हणाले, “साहेब, दाखल्यात आजचा पाय मोजतात.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत एका साक्षीचं एवढं समाधान मला क्वचित मिळालं आहे. युक्तिवादात मी सर्वोच्च न्यायालयाचा नागप्पा निकाल वाचला. अंतिम निवाडा झाल्यावर वाढीव भरपाईसाठी पुन्हा येण्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही, म्हणून पुढचा उपचारखर्च आत्ताच ठरवा, असं तो सांगतो. 2020 चा काजल निकालही दिला. त्यात शंभर टक्के विकलांग झालेल्या मुलीचं उत्पन्न न्यायालयाने कुशल कामगाराच्या किमान वेतनावर धरलं होतं, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांऐवजी उत्पन्नावरून हिशेब केला होता. विवाहाची संधी हुकल्याच्या शीर्षकाखालची भरपाईही मी मागितली. ते शीर्षक कायद्याला धरून असलं तरी दरवेळी मला खुपतं. मुलग्याच्या दाव्यात त्या शीर्षकावर एवढा भर मी कधी पाहिला नाही. गावातली बायामाणसंही तिच्या आईला पहिलं तेच विचारतात, पोरगी जिना कशी चढते हे कोणी विचारत नाही.

निवाड्यात 12 ऐवजी 30 टक्के कार्यात्मक विकलांगता, म्हणजे पुढे कमावण्याच्या क्षमतेतली घट, धरली गेली आणि पुढच्या दोन शस्त्रक्रियांचा खर्च स्वतंत्र मिळाला. अज्ञानाची रक्कम अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते, आणि हिला ऑपरेशन लागणार त्याच्या बरंच आधी. म्हणून शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर थेट रुग्णालयाला द्यावेत, असं आदेशातच लिहून घेतलं. दावा जिंकून घरी गेलेल्या वकिलांना हे सुचत नाही. मग आईबापांना प्रत्येक वेळी अर्ज घेऊन फिरावं लागतं.

कंपनी अपिलात गेली आहे. मुलगी आता दहा वर्षांची आहे. “मॅडम, आता चप्पलचा सोल अजून वाढवून घ्यावा लागतो,” असं आई परवा सांगत होती. यंदाच्या एक्स-रेत फरक तीन सेंटीमीटरच्या जवळ आला आहे, म्हणजे डॉक्टरांचा हिशेब बरोबर चालला आहे. अपिलात तो एक्स-रे जादा पुरावा म्हणून दाखल करण्याचा अर्ज मी लिहिते आहे. समोरून विचारतील, की मोजमाप निवाड्याच्या दिवशी थांबायचं नसेल, तर थांबायचं कधी? चौदाव्या वर्षापर्यंत अपील तसंच ठेवा असं मी म्हणू शकत नाही, कारण पैसे तिला त्याआधीच लागणार आहेत. या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्या अर्जात नाही.