आमची वाटचाल : डावा शू, उजवा शू

वडिलांचं ठाण्यात, नौपाड्यात तासावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. पोरं स्कूटर मागायला लागली तसा तो धंदा आटला आणि गाळा माझ्याकडे आला. मी रोड बाइकचं, म्हणजे शर्यतीच्या हलक्या सायकलींचं काम धरलं. ते जमायला किती वर्षं लागली, ते इथे सांगत बसत नाही.

पहिले पार्टनर म्हणजे मामा. सख्खे नव्हेत. वागळे इस्टेटमध्ये त्यांचं लेथ होतं आणि अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. कॅलिपर म्हणजे चाकाची रिम दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, आणि फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग. कॅलिपर ज्या नटाने फोर्कला आवळतो, तो फोर्कच्या आत बुडालेला असतो आणि प्रत्येक फोर्कला त्याची लांबी वेगळी. कुठे साडेदहा मिलिमीटर, कुठे साडेबारा, कार्बनच्या जाड फोर्कला अठरा, सत्तावीस, बत्तीससुद्धा. आम्हाला बाजारात एकच माप मिळायचं. मग मामा स्टेनलेसच्या रॉडमधून नट काढायचे, आत सहाचे आटे पाडायचे. टॅपला कटिंग ऑइल नसेल तर सरळ खोबरेल. "बोल्टचे सहा वेढे नटात गेले पाहिजेत," ते म्हणायचे, "पाच गेले तर माझ्याकडे बिल मागू नकोस." त्यांच्या हातचे सात-आठ नट अजून माझ्या खणात, गोळ्यांच्या डबीत आहेत. विकत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये, पॅरिस-रुबे शर्यतीनंतर, यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, डिस्क ब्रेकची (रिमऐवजी चाकाच्या मधल्या तबकडीला दाबणाऱ्या) चाचणी थांबवली. मी ते वाचलं आणि मनाशी पक्कं केलं की डिस्क गेली. चाचणी पुन्हा सुरू झाली तरी माझं मत काही बदललं नाही. हट्टी माणूस. येऊरचा डोंगर चढणारे, ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करणारे, सगळे त्या वेळी ग्रॅम मोजत होते. शिमानो कंपनीच्या १०५ या कॅलिपरची जोडी साधारण ३८० ग्रॅम, अल्टेग्रा ३६०, ड्युरा-एस ३२५ च्या घरात, आणि ईईब्रेक तर दोनशेच्या आत. मी बँकेतली ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, वाढवून घेतली, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि हलक्या कॅलिपरच्या दोन डझन जोड्या आणल्या. १ जुलै २०१८ ला यूसीआयने रोड रेसिंगमध्ये डिस्कला कायमची परवानगी दिली. माझ्या बावीस जोड्या तेव्हा फळीवर होत्या.

त्याच सुमारास आमच्याच रस्त्यावर एक मोठं शोरूम उघडलं. नाव घेत नाही, ठाण्यातल्या सायकलवाल्यांना घ्यावं लागणार नाही. काचेचा दर्शनी भाग, एसी, आत कॉफी. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, रिम ब्रेक आता भंगारात. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. धंदा आहे, ज्याचा माल तो त्याचंच गाणार.

पण त्या पावसाळ्यात येऊरच्या उतारावर आमचा एक मुलगा पडला. खांदा निसटला, नशिबाने तेवढ्यावर भागलं. त्याच्या सायकलीला माझ्याकडचं हलकं कॅलिपर होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो सगळ्या सायकल ग्रुपांवर: 'स्वस्तातलं हलकं कॅलिपर, बघा काय होतं.' महिनाभर गाळ्यात कुणी पाय ठेवला नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर रस्ता बदलला. पलीकडच्या फुटपाथने जाताना मी त्याला पाहिलं.

मुलाच्या वडिलांना विनंती करून सायकल मागवून घेतली. कॅलिपर शाबूत. बाहूला चीर नाही, मधला बोल्ट जसाच्या तसा. पुढच्या एका शूमधून, म्हणजे रबराचा पॅड धरणाऱ्या खाचेतून, रबर मात्र गायब. शू उलटा केला, तर आतल्या अंगाला अक्षर कोरलेलं: आर, म्हणजे राइट, उजवा. आणि तो बसवला होता डाव्या बाजूला.

ज्यांनी पॅड बदललेत त्यांना इथेच कळलं असेल. ब्रेक दाबला की फिरती रिम रबराला पुढे ओढते, म्हणून शूची बंद बाजू पुढे आणि उघडी बाजू मागे हवी. डावा-उजवा अदलाबदल झाला की उघडी बाजू पुढे येते आणि रबराला धरून ठेवायला उरतो फक्त तो दोन मिलिमीटरच्या एलन कीचा इवलासा स्क्रू. तोही सैल होता. पॅड पंधरा दिवसांपूर्वी बदलले होते, आणि माझ्याकडे नाही. पावती मुलाच्या पाकिटातच होती, त्याच काचेच्या शोरूमची. मी ती घेऊन गेलो. काउंटरवरच्याने ती उलटी-सुलटी बघितली आणि म्हणाला, "सर, आमचा मेकॅनिक तेव्हा रजेवर होता." मग पॅड कुणी बदलले? त्याचं उत्तर आजतागायत नाही. ग्रुपांवरचा तो फोटोही कुणी काढला नाही.

तेव्हा मला धरून ठेवलं ते पाचपाखाडीतल्या ताईंनी. बँकेतून निवृत्त, पंचावन्नाव्या वर्षी सायकल धरलेल्या, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या आत काढणाऱ्या. त्या आल्या, तो शू हातात घेऊन दहा मिनिटं बघितला आणि म्हणाल्या, "मला एक जोडी बसव. कसाऱ्यावरून खाली याच्यावरच येते." आल्यासुद्धा. रविवारी संध्याकाळी चिखलाने माखलेली सायकल गाळ्यासमोर उभी केली आणि शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ब्रेक फस्क्लास!"

त्यांच्यानंतर हळूहळू चार जण आले. मग २०२० चं लॉकडाऊन. गॅलरीत धूळ खात पडलेल्या सायकली लोकांनी खाली आणल्या. सगळ्या रिम ब्रेकच्या. त्याच वर्षी सायकलपटू पोगाचारने टूर द फ्रान्स जिंकला तोही रिम ब्रेकवर, हे मी तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. बावीस जोड्या संपल्या. पाटल्या सुटल्या. पुढची वर्षं ठीक गेली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्रॅम नंतर बघा, आधी फोर्कच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. ३९ ते ४९ मिलिमीटर आलं तर नेहमीचं कॅलिपर, ४७ ते ५७ असेल तर लांब बाहूचंच. त्यात ओढूनताणून बसवू नका. शिमानोच्या हँडलवरच्या नव्या ब्रेक लिव्हरला जुनं कॅलिपर लावलं तर ब्रेक कमजोर लागतो, मग कॅलिपरला शिव्या देऊ नका. तुम्ही नव्वद किलोचे असाल आणि येऊर रोज उतरत असाल, तर दीडशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा ताठ बाहूचं १०५ घ्या. दीडशे ग्रॅम म्हणजे बाटलीतलं पेलाभर पाणी. पावसाळ्यात दर आठवड्याला पॅड काढून बघा, रिमचे चंदेरी कण रबरात रुतलेले असतात, ते दाभणाने टोकरून काढा. नाहीतर तेच कण रिम खातात. आणि शू बसवताना अक्षर वाचा. आर आणि एल, दोनच अक्षरं आहेत हो.

तो आर लिहिलेला शू मी बेंचच्या वर खिळ्याला लटकवलाय. नवा पोरगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो आणि विचारतो, यात चुकलं काय.

गेल्या महिन्यात त्या शोरूममधला एक पोरगा सकाळीच आला. कार्बनच्या फोर्कला सत्तावीसचा नट हवा होता, त्यांच्याकडे नव्हता. त्याची नजर सारखी खिळ्याकडे जात होती. मी शिमानोचा नवा नट काढून दिला, मामांच्या डबीतला नाही. त्याने विचारलं, "काका, डिस्काउंट?" मी बिलबुक काढलं आणि पूर्ण रकमेचं बिल फाडून दिलं.