लांगटांग : फॉल्ट शोधायला गेलो, रामचेत अडकलो

काठमांडूत कुणी ‘रस्ता आता मस्त झालाय, पाच तासांत स्याफ्रुबेसी’ असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. नेपाळातल्या लांगटांग खोऱ्याचा ट्रेक जिथून सुरू होतो, त्या स्याफ्रुबेसीला पोचायला आम्हाला दहा तास लागले. त्रिशूलीपर्यंत ठीक चाललं होतं. कालिकास्थान सोडून धुन्चेकडे निघालं की रामचेची दरड लागते. तिथला रस्ता म्हणजे भुसभुशीत उतारावर काढलेला नुसता ओरखडा. डोंगर खाली येत राहतो आणि माणसं पुन्हा ओरखडा काढतात. दुपारी पाऊस आला, समोर दगड सुटायला लागले आणि आम्ही अडीच तास जागच्या जागी. म्हणून पहाटे साडेपाचच्या आत काठमांडू सोडा. पावसाळ्यात तर हा रस्ता धरूच नका.

भाडं ठरवताना ‘नेपाळी की भारतीय?’ हे आधी विचारा. आमच्या जीपवाल्याने काठमांडूत नुसता आकडा सांगितला आणि उतरताना तेवढ्याच भारतीय नोटा मागितल्या. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर बांधलेला आहे. भांडलो, पण अंगात त्राण नव्हतं, देऊन टाकले. अजून सलतंय.

मी गेलो होतो मेन सेंट्रल थ्रस्ट बघायला, म्हणजे हिमालयातला एक मोठा फॉल्ट, जिथे खडक तुटून एकमेकांवर सरकलेत. मनात होतं, डोंगरात एखादी ठसठशीत भेग दिसेल. तशी भेग कुठेच नाही. तो पिळवटलेल्या खडकांचा काही किलोमीटर जाडीचा पट्टा आहे, त्यामुळे तो नजरेने नाही, चालत कळतो. स्याफ्रुबेसीहून लामा हॉटेलकडे (हे वाटेवरच्या वस्तीचं नाव) चढताना पायाखाली बघा. आधी पापुद्रे सुटणारा, चकाकणारा शिस्ट, मग टणक, पट्टेदार नाइस. जास्त खोलात भाजलेला खडक खाली असायला हवा, इथे तो वर चढून बसलाय. भारतीय भूपट्ट युरेशियाखाली घुसताना हे झालं, आणि हिमालय आजही वर्षाला साधारण २ सेंटिमीटर आवळला जातोय.

या आवळण्याचा ताण आज साठतो याच्याही खाली, मेन हिमालयन थ्रस्ट या दुसऱ्या फॉल्टवर. २५ एप्रिल २०१५ ला तोच सरकला आणि ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. काठमांडू खोरं मीटरभर उचललं गेलं, उत्तरेची शिखरं खचली, आणि तरी फॉल्ट जमिनीवर फुटला नाही.

लांगटांग गावाला ‘फोटोसाठी भारी जागा’ म्हणून सांगणाऱ्याचा मला राग आला. वाट गावावरूनच जाते. त्या भूकंपात बर्फ आणि खडक कोसळून तीनशेहून जास्त माणसं त्याखाली गेली. कड्याच्या आडोशाचं एक घर तेवढं उभं राहिलं. सकाळीच पार करा, वर लक्ष ठेवा, नावं कोरलेल्या स्मारकापाशी थांबा. कॅमेरा पिशवीत.

पुढे खोऱ्यातल्या क्यांजिन गोम्पा या वस्तीतले (३,८७० मीटर) दोन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही.

परतताना चार वाजता उठून जीप काढायला लावली. आठच्या आत रामचे. पार व्हायला वीस मिनिटं लागली.