क्युशूच्या राखेत संत्र्याची झाडं

क्युशूला जायचं असेल तर झोपायची सोय असलेली छोटी गाडी भाड्याने घ्या, असं मी सध्या भेटेल त्याला सांगते आहे. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी हे सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. इथले ज्वालामुखी जिवंत आहेत, आणि जिवंत डोंगर कुणाचं बुकिंग पाहत नाही. सकाळी विवराच्या काठापर्यंत सोडतात, दुपारी वायू वाढला की रस्ता बंद करतात. पुढच्या गावातलं हॉटेल ठरलेलं असेल तर बंद फाटक पाहून निघावं लागतं. अंथरूण गाडीतच असेल तर डोंगराची वाट पाहत थांबता येतं.

सोबत बाबा होते. वय एकाहत्तर, काटोलजवळ संत्र्याची बाग. मी नागपुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. महिना डिसेंबरचा निवडला तो बागेकडे पाहून. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा, माल व्यापाऱ्याने तोडून नेला होता आणि पुढच्या बहारासाठी झाडांना ताणावर सोडायचं होतं, म्हणजे ओलित बंद. वर्षातून एवढेच दिवस बाबांचा जीव बागेत अडकलेला नसतो. जपानशी त्यांची ओळख कामठीच्या ड्रॅगन पॅलेसपुरती, म्हणजे जपानी देणगीतून उभ्या राहिलेल्या बुद्धविहारापुरती होती. "तिथं ज्वालामुखीच्या मातीत संत्री पिकतात," एवढं सांगितल्यावर ते तयार झाले.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना गिरीपेठच्या आरटीओतून काढला. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा हा परवाना जपानमध्ये चालतो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून जातात, त्यामुळे नागपूरच्या माणसाला हात बसायला वेळ लागत नाही. सवय दुसऱ्याच गोष्टींची करावी लागते. उलट्या लाल त्रिकोणाची पाटी दिसली की चाकं पूर्ण थांबवायची, रस्ता रिकामा असला तरी. रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याच्या आधी थांबायचंच. आणि हॉर्न जवळजवळ कुणी वाजवत नाही. व्हेरायटी चौकातून रोज जाणाऱ्या मला ती शांतता फार आवडली.

गाडी केई प्रकारातली, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात लहान वर्गातली घेतली. इंजिन ६६० सीसी, लांबी जेमतेम ३.४ मीटर. छप्पर वर उचललं की माझी झोपायची जागा, खाली बाबांची. चढावर ती दमते, पण खेड्यातल्या अरुंद रस्त्यांवर तिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी नाही.

पहिला मोठा मुक्काम बेप्पू. या गावात गरम पाण्याचे २,००० हून जास्त स्रोत आहेत. संध्याकाळी चढावरून खाली पाहिलं तर घरांच्या मधून जागोजागी वाफेचे खांब उभे, आणि पलीकडे समुद्र. कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर स्वयंपाक करायची सोय आहे. टोपलीत रताळी, कोबी, अंडी घालून द्यायची, झाकण लावायचं, वेळ भरली की काढायची. बाबा शाकाहारी, फार तर अंडं. जपानी रश्श्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्यामुळे जेवणाची मला काळजी होती, ती इथून पुढे कमी होत गेली. रताळ्यावर आम्ही घरून नेलेलं तिखट-मीठ भुरभुरवलं. बाबा त्या झाकणांकडे पाहत म्हणाले, "सरपण नाही, गॅस नाही. इथल्या बाया सुखी आहेत."

रात्री आम्ही शक्यतो मिची-नो-एकीत थांबायचो. ही सडकेकाठची सरकारमान्य थांबण्याची ठिकाणं. १९९३ मध्ये सुरू झाली आणि आता देशभर १,२०० च्या वर आहेत. गाडी लावायला पैसे नाहीत, स्वच्छतागृह रात्रभर उघडं, आणि सकाळी आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला विक्रीला. गाडीत झोप काढून पुढे निघणं चालतं, पण बाहेर खुर्च्या मांडून चूल पेटवणं चालत नाही. त्यासाठी वेगळे कॅम्पिंगचे तळ आहेत. एक दिवसाआड तळावर जाऊन भात, वांगं, मुळा असं काही रांधायचो. कचरापेट्या फारशा दिसत नाहीत, आपला कचरा आपल्याच गाडीत ठेवायचा.

बेप्पूहून यामानामी रस्त्याने कुजूच्या डोंगरांतून आसोला उतरलो. खरं तर आसोत आपण 'उतरतो' हे आधी कळतच नाही. दाइकानबो नावाच्या कड्यावर गाडी लावली आणि समोर प्रचंड पसरट खोलगट प्रदेश दिसला. उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १८. सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर जमीन आत खचून झालेलं हे कुंड. त्याच्या आत भातशेती, रेल्वे, शाळा, दवाखाने, आणि ५०,००० च्या आसपास माणसं. मधोमध नव्या डोंगरांचा पुंजका, त्यातल्या नाकादाकेमधून धूर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "एवढे लोक आतमंदी राह्यतात, आन् हा डोंगर रोज असाच धुपते?"

रोज धुपतो. दुसऱ्या दिवशी कुसासेनरीच्या गवताळ पठारापर्यंत पोचलो तर विवराकडचा रस्ता बंद. गंधकाचा वायू वाढला होता. दमेकऱ्यांना तर उघडा असतानाही वर जाऊ नका असं सांगतात. आम्ही परत खाली येऊन आसो स्टेशनशेजारच्या मिची-नो-एकीत मुक्काम वाढवला. रात्री पारा शून्याखाली गेला, काचेवर आतून बर्फ धरला, आणि बाबा सोलापुरी चादरीवर दोन रजया घेऊन शांत झोपले. सकाळी फाटक उघडलं. विवराच्या काठावर काँक्रीटचे जाड आसरे बांधलेले आहेत, दगड उडाले तर आत शिरायला. खाली वाफ थोडी हटली की हिरवट पाणी दिसायचं, पुन्हा झाकलं जायचं. आमच्या बाजूला वारा वळल्यावर घशात जळजळ झाली आणि तिथल्या माणसाने सगळ्यांना मागे सरकवलं.

पण मला आसोत सगळ्यात जास्त थांबवलं ते रस्त्याकडेच्या एका दरडीने. वर हातभर जाडीचा काळाभोर थर, खाली पिवळसर राखेचा, पुन्हा काळा. काळी माती म्हटलं की विदर्भातल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. चिमटीत घेतली तर वजनच नाही. आपली काळी बोटाला धरते, पावसाळ्यात बुटाचे तळवे जड करते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. ही हलकी, भुसभुशीत, पाणी खाली सोडणारी. आपल्या बागांत सामू (पीएच) आठच्या आसपास, चुनखडीचा त्रास. ही आम्लधर्मी, आणि हिच्यातली खनिजं स्फुरद (फॉस्फरस) असं घट्ट धरून ठेवतात की पिकाला सहज मिळत नाही.

तरी मूळ एकच. नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व काठावर वसलं आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच बेसॉल्टची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो लाव्हा थरावर थर वाहत गेला. नंतर ऊन-पावसाने खडक कुजला आणि काटोलची काळी झाली. हे मी पुस्तकातून शिकले, कामात रोज वापरते, पण धूर निघत असलेल्या डोंगराखाली उभं राहून बाबांना सांगताना पहिल्यांदा मलाही ते खरं वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे आपला डोंगर विझलेला, यांचा चालू."

पुढे क्युशूच्या आग्नेयेचा निचिनानचा किनारा आम्ही भरभर केला. आओशिमा बेटाभोवती ओहोटीला उघडा पडणारा खडक मात्र पाहण्यासारखा आहे. वालुकाश्म टिकलेला, मधला मऊ खडक लाटांनी खाल्लेला, आणि दूरवर सरळ रेघा. तोइ टोकावर मोकळी चरणारी घोडी रस्त्यात आली तेव्हा गाडी बंद करून बसलो.

साकुराजिमा या जिवंत ज्वालामुखीवर आम्ही पूर्वेकडून, जमिनीवरून गेलो. १९१४ च्या जानेवारीपर्यंत ते बेट होतं. त्या स्फोटातल्या लाव्ह्याने मधली सुमारे ४०० मीटर रुंदीची सामुद्रधुनी बुजवली आणि बेट मुख्य जमिनीला चिकटलं. आपली गाडी त्याच भरावावरून जाते. कुरोकामी गावात देवळाची ३ मीटर उंच कमान तेव्हाच्या राखेत गाडली गेली, वरचा मीटरभर भाग बाहेर आहे. ती उकरायची नाही, पुढच्या पिढ्यांना दिसू द्यायची, असं गावाने ठरवलं. राख अजूनही पडते. घराघरातून ती गोळा करायला पिवळ्या पिशव्या मिळतात, आणि कबरींवरही छपरं आहेत. काचेवर राख बसली तर कोरडा वायपर फिरवू नका, बारीक काचेचेच कण असतात ते. आधी पाणी ओता.

या राखेत जगातल्या सगळ्यात मोठ्या मुळ्याची जात पिकते, २००३ मध्ये ३१.१ किलोच्या मुळ्याने विक्रम केला होता. आणि कोमिकान नावाचं अगदी इवलंसं संत्रं, ५ सेंटिमीटरच्याही आतलं. डिसेंबर हाच त्याचा हंगाम. झाडांवर प्लास्टिकची छपरं घातलेली, राख फळावर बसू नये म्हणून. बाबा वाकून बुंधा पाहू लागले. मुळाशी बोट खुपसलं. "पाणी थांबतच नाही इथं. डिंक्या येईल कसा?" डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळणारा रोग; आमच्या बागेतली कितीतरी झाडं पाणी साचून त्याने गेली आहेत, त्यामुळे हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता.

फळं विकणाऱ्या आजींशी मोबाइलच्या भाषांतरावर बोलणं सुरू झालं. बाबांनी आपल्या बागेचा फोटो दाखवला. आजींनी विचारलं, तुमच्याकडे राख पडत नाही, मग झाडांवर काय पडतं? बाबा म्हणाले, "गारा." भाषांतर झालं. आजींनी डोंगराकडे बोट केलं, मग बाबांच्या फोनकडे, आणि मूठभर कोमिकान जास्तीचे टाकले. साल नखाने सुटते, चव आपल्या संत्र्याहून गोड, आंबटपणा कमी. बाबांचं मत असं की आपल्या संत्र्याचा आंबूस झटका त्यात नाही. मला दोन्ही हवीत.

तिथून कागोशिमाला फेरी १५ मिनिटांत नेते, गाडीसकट.

डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर आसो-कुजूच्या घाटांसाठी बर्फाचे टायर लावूनच गाडी मागा, आणि विवराच्या रस्त्याची स्थिती रोज सकाळी बघा. मला पुन्हा मार्चच्या सुमारास जायचं आहे, आसोच्या कुरणांवरचं वाळलं गवत पेटवतात तेव्हा. पेटवलं नाही तर तिथे झुडपं माजतात आणि कुरण हातचं जातं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मार्चमंदी फळ बारीक असते, अन् गारांचे दिवस." तेव्हा बागेवर भाऊ थांबायला तयार होतो का, ते आता बघायचं आहे.