रान का तोडलंत?

‘केंद्र सरकारच्या पश्चिम घाटाच्या २०१८ च्या मसुद्यावेळी ग्रामसभेत तुम्हीच गाव इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, ठरवण्याच्या बाजूने बोललात, मग स्वतःचं रान का दिलंत?’ पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, गावातले तर येता-जाता. एकदाचं सांगून टाकतो.

मार्च २०२२. बाबांची बायपास कोल्हापुरात ठरली. आमचं पांढरं रेशनकार्ड, त्यामुळे सरकारी योजनेत बसलो नाही. इस्पितळाने आधी दोन लाख भरायला सांगितले. ठेकेदार त्याच संध्याकाळी आला. उतारावरचे ऐन, किंजळ, जांभूळ मिळून ठोक दोन लाख. मी म्हटलं, बेहडा सोडायचा. त्याच्या ढोलीत महाधनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी तोंड लिंपून अंड्यांवर बसली होती, आमच्याकडे त्याला गरुड म्हणतात. त्याने वीस हजार कापले, मी मान डोलावली.

बेहडा राहिला, पण भोवतालचं सगळं आडवं झालं. कटरच्या आवाजात नर तिच्यासाठी चोचीत उंबरं घेऊन पलीकडच्या माथ्यावर बसायचा, जवळ येईना. चौथ्या दिवशी ढोलीचं लिंपण आतून फोडलेलं दिसलं. खाली सुकलेल्या लिंपणाचे तुकडे पडले होते.

रत्नागिरीच्या डोंगरांत सरकारी जंगल नगण्य, झाडी आहे ती बहुतेक आमच्यासारख्यांची. ती राखली म्हणून पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी साऱ्या वाडीला मिळतं, राखणाऱ्याच्या हातात मात्र काही पडत नाही. रान राखल्याचा फायदा पुढच्या पिढीचा, आणि लांबच्या पैशाची आजची किंमत व्याजाच्या दराने घटते. सात टक्के व्याज धरलं तर साठ वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत पावणेदोन रुपयेसुद्धा भरत नाही. दीड टक्का धरला तर एकेचाळीस. ग्रामसभेत मी दीड टक्क्याने, म्हणजे उद्याला मोल देऊन, बोलत होतो. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून दीड टक्का कसा धरायचा, हे मला विचारणाऱ्यांनी सांगावं.

पण हेही पूर्ण खरं नाही. घरात बायकोच्या बांगड्या होत्या, आईची मोहनमाळ होती. सोनं मोडायच्या आधी मला रान आठवलं. सोन्याला घरातलं कोणीतरी रडलं असतं, रानाला रडणारं कोणी नव्हतं. हे आजवर कोणाला बोललो नाही.

बाबा ठणठणीत आहेत. जानेवारी लागला की पडवीतून बेहड्याकडे बघत बसतात. यंदा धाकटीची नर्सिंगची फी भरायची आहे. परवा ठेकेदार बेहड्याचं विचारून गेला. मी अजून त्याला काही कळवलेलं नाही.