हार्डली

रविवार, रात्र

आज वहीची ४० पानं भरली. एका पानावर एकच इंग्रजी शब्द. वर शब्द, खाली कोशातली इंग्रजी व्याख्या, मग कोशातलंच एखादं वाक्य, आणि उरलेलं पान माझ्या वाक्यांसाठी. माझी वाक्यं बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातली असतात. त्यांत सूरसागर तलाव येतो, सेव-उसळ येते, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा येतात.

शाळेत असं शिकवलं नव्हतं. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, आणि इंग्रजी म्हणजे दोन रकाने: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘हार्ड’समोर कठीण, सख्त असं लिहिलेलं होतं. ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, तसं ‘हार्ड’चं ‘हार्डली’ होणार असं मी धरून चालले. मागच्या वर्षी नोकरीच्या एका मुलाखतीत ठामपणे म्हणाले, ‘आय हार्डली वर्क.’ समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. का हसले ते कोणी सांगितलं नाही.

घरी येऊन शब्द शोधला. व्याख्येचा अर्थ एवढाच होता: जवळजवळ नाही. म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही, असं मी माझ्या तोंडाने सांगून आले होते. १८ वर्षं पहाटे पाचला उठून डबे केले मी. नोकरी गेल्याचं आता काही वाटत नाही. पण समोरच्याची चूक दिसत असताना ती सांगावीशी वाटू नये, याचा राग मात्र गेलेला नाही.

त्याच आठवड्यात भाचीने तिचा जुना इंग्रजी–इंग्रजी कोश आणून दिला. मी घाबरले होते, कारण इंग्रजी येत नाही म्हणूनच तर कोश हवा! पण हे कोश शिकणाऱ्यांसाठीच केलेले असतात. व्याख्येतले शब्द सोपे आणि मोजके. लाँगमनच्या १९७८च्या कोशात तर सगळ्या व्याख्या सुमारे २,००० शब्दांत बसवल्या होत्या. या प्रकारच्या कोशांचा पाया घालणाऱ्यांपैकी एक हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत, आणि त्यांचा कोश १९४२ मध्ये आधी टोकियोतच छापला गेला. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. परक्या मुलांच्या चुका रोज बघणाऱ्या मास्तरांनी केलेलं काम आहे हे. म्हणून त्यात शब्दाचा अर्थ असतोच, शिवाय तो वाक्यात कुठे बसतो, कोणासोबत येतो, हेही असतं.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ला तीन दिवस लागले. आपल्याकडे शब्द एकच, उसनं. घ्यायचं की द्यायचं ते क्रियापद सांगतं. गुजरातीतही तसंच, उछीनुं लेवुं, उछीनुं आपवुं. इंग्रजीत मात्र घेणाऱ्याचा शब्द वेगळा, देणाऱ्याचा वेगळा. वाक्य लिहायला बसले आणि अडले. शेजारच्या बेन दर दोन-चार दिवसांनी वाटी घेऊन येतात, ‘जरा मेळवण आपो ने.’ हे ‘बॉरो’ का? व्याख्येत परत करण्याची गोष्ट आहे, आणि विरजण कोणी परत करत नाही. आपणही विरजण ‘उसनं’ घेत नाही, मागून आणतो. शेवटी लिहिलं: ‘शी आस्क्ड मी फॉर सम स्टार्टर फॉर कर्ड.’ ‘बॉरो’च्या पानावर बेनची शिडी गेली, ती आम्ही उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आणतो आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली की नेऊन देतो. मराठी आणि गुजराती शब्दांकडे इतकं निरखून मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

‘लेफ्टओव्हर’चं पानही आवडतं. मी ‘शिळं’ लिहिणार होते. पण व्याख्येत फक्त जेवणानंतर उरलेलं एवढंच आहे, रात्र उलटायची अट नाही. त्या पानावर आमची फोडणीची पोळी आणि बेनची वघारेली रोटली शेजारी-शेजारी आहेत.

यजमान म्हणाले, ४६व्या वर्षी कशाला हा खटाटोप. मी सयाजीराव महाराजांची आठवण करून दिली. १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा ते १२ वर्षांचे होते, अक्षरओळखही नव्हती. मग मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं इथे शिकले, आणि १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. माझी पणजी त्यामुळेच शाळेत गेली. यजमान गप्प बसले, आणि थोड्या वेळाने स्वतःहून टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवला.

‘हार्डली’चं पान मी इतके दिवस कोरं ठेवलं होतं. आज उघडलं. त्या मुलाखतीच्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवलं आणि आधी शब्द वाक्याच्या शेवटी टाकला. कोशातली तिन्ही उदाहरणं पाहिली, तिथे तो क्रियापदाच्या आधी होता. खोडलं, परत लिहिलं:

‘आय हार्डली स्लेप्ट दॅट नाइट.’