घरून पैठणी विकताना: तयार पोस्ट, स्वतःचे फोटो आणि रोजच्या वेळा

साड्यांच्या ऑनलाइन धंद्यात माल हातात यायच्या आधी फोटो येतात. होलसेलरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एकदा घेतलं की सकाळ-संध्याकाळ त्यांचा पाऊसच. मॉडेलने नेसलेली साडी, पदराचा क्लोजअप आणि खाली तयार मजकूर: ‘न्यू लाँच, सॉफ्ट सिल्क, रिच पल्लू, बुक फास्ट’. आपण आपलं मार्जिन चढवायचं आणि पुढे पाठवायचं. ऑर्डर आली की होलसेलर परस्पर पार्सल करतो, साडी आपल्या घरी येतही नाही. मी नाशिकला राहते. धाकट्याची शाळा सुरू झाली तेव्हा याच पद्धतीने सुरुवात केली. हाताशी भांडवल नसलेल्या बाईला यासारखी सोय नाही, हे माझं आजही मत आहे.

पण त्या फोटोंवर धंदा किती ताणता येतो, हे गिऱ्हाइकंच दाखवून देतात. सोलापूरच्या एका ताईंनी जांभळ्या सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या, पैठणीची चौकशी केली. मी भाव कळवला. थोड्या वेळाने त्यांच्याकडून तीन स्क्रीनशॉट आले. तीच मॉडेल, तीच साडी, तीन बायकांचे स्टेटस आणि तीन वेगळे भाव. खाली एकच ओळ: ‘ताई, नक्की कुणाचं खरं?’ प्रश्न अगदी रास्त होता. साडी आमच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हती, त्यामुळे ती हातात धरून ‘हे बघा, काठ एवढा रुंद आहे’ असं दाखवणं कुणालाच जमणारं नव्हतं. मग भाव पाडायचा, एवढाच मार्ग उरतो, आणि त्या मार्गाला तळ नसतो.

म्हणून येवल्याला जायला लागले. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचं हे गाव. घराघरात हातमाग आहेत. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायची मान्यता, मिळालं आणि तेव्हापासून ‘ओरिजिनल येवला’ हे शब्द पोस्टरवर फार स्वस्त झाले. मी ज्या विणकर कुटुंबाकडून माल घेते तिथल्या काकांनी पहिल्याच भेटीत मागावरचा पदर उलटा करून दाखवला. मोराच्या पिसातला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने भरलेला, धागे एकमेकांत गुंतवत नेलेले, म्हणून उलट्या बाजूलाही मोर तसाच स्वच्छ. मग त्यांनी यंत्रमागावरची सेमी पैठणी आणली. तिच्या मागे सुटे धागे लोंबत होते. काका म्हणाले, “पदराचा फोटो सगळेच काढतात ताई. तुम्ही उलट्या बाजूचा काढा.”

माझ्या धंद्यात खरा फरक त्या वाक्याने पडला. आता प्रत्येक साडीचे ठरलेले फोटो असतात: पूर्ण घडी, पदर, काठ टेपशेजारी धरून, आणि पदराची उलटी बाजू. सेमी असेल तर सुटे धागेही दिसू देते आणि खाली ‘सेमी, यंत्रमाग’ असं लिहिते. सेमी पैठणी घेण्यात काहीच कमीपणा नाही. रोजच्या समारंभाला, पहिल्या पगारातून आईला द्यायला ती उत्तम. फक्त घेणाऱ्या बाईला आपण काय घेतोय हे आधी कळलं पाहिजे. शुद्ध रेशमाच्या साडीला सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचाही फोटो टाकते. काही ताई ब्लाऊज पीसच्या कडेचा धागा जाळून बघतात, त्यांनाही आनंदाने सांगते: रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

फोटोचा उजेड हा वेगळाच विषय. मोरपंखी रंग ट्यूबलाइटखाली निळा दिसतो, वांगी रंग काळपट, आणि धूपछाव साडीचं तर विचारूच नका. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रंग एक, बाण्याचा, म्हणजे आडव्यांचा, दुसरा, घडी जरा हलवली की साडी बदलते. आमची गॅलरी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन सरकून गेलं की तासभर तिथे सावलीतला स्वच्छ उजेड मिळतो, जरीची चमक रंग खात नाही. तेवढ्या वेळात फोटो होतात. धूपछावचा मात्र फोटो पुरत नाही, हाताने पदर हलवत छोटा व्हिडिओच काढावा लागतो.

मग तयार साहित्य टाकून दिलं का? मुळीच नाही. उलट आता ते जास्त वापरते, फक्त दुसऱ्या जागी. दिवसभर येणारे प्रश्न तेच असतात: किंमत काय, फॉल-पिको करून मिळेल का, पार्सल किती दिवसांत, पैसे कसे भरायचे, धुवायची कशी. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लायची सोय आहे. उत्तर एकदा नीट लिहून ठेवायचं आणि चॅटमध्ये तिरपी रेघ टाकून त्याचं छोटं नाव निवडायचं, की पूर्ण मजकूर येतो. धुण्याचं उत्तर मी काकांना विचारून लिहिलं: पहिल्यापासून ड्राय क्लीन, परफ्यूम थेट जरीवर मारायचा नाही, सुती कापडात गुंडाळून ठेवायची, मधूनमधून घडी मोडायची. हे रोज नव्याने लिहिण्यात काय अर्थ? याउलट रंगाबद्दलचा प्रश्न आला की तयार उत्तर कधीच नाही. साडी कपाटातून काढते आणि त्या क्षणीच्या उजेडात फोटो पाठवते.

तयार पोस्टरांपैकी एक मात्र मी कायमचं काढून टाकलं: ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’. ते सगळ्या ग्रुपांमध्ये फिरत असतं, बॉर्डर सोनेरी, अक्षरं लाल. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 साली आले. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं त्यांत स्पष्ट आहे. नियम बाजूला ठेवला तरी, न बघता पैसे पाठवणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत ‘परत मिळणार नाही’ म्हणणं मला पटत नाही. त्या जागी मी दोन ओळी लिहिल्या: दाखवल्यापेक्षा वेगळं निघालं तर साडी परत घेईन, पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. ती व्हिडिओची विनंती दोघींच्याही भल्याची आहे.

सणांच्या शुभेच्छांचे तयार संच विकत मिळतात, वर्षभराच्या तारखांसकट. ते घेताना आपलं पंचांग शेजारी ठेवावं लागतं, हे मी प्रत्येक नव्या बाईला आवर्जून सांगते. हे संच बहुतेक उत्तरेकडच्या पद्धतीने बनवलेले असतात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. 2025 साली तिकडचा श्रावण 11 जुलैला सुरू झाला आणि आपला 25 जुलैला. ‘पहिल्या श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा’ आषाढातच गेल्या तर मराठी गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येतं की ही पोस्ट बाईने स्वतः केलेली नाही. वटसावित्रीचंही तसंच, तिकडे ज्येष्ठ अमावास्येला, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. शिवाय त्या संचांत करवा चौथ असतो, पण मंगळागौर नसते, मार्गशीर्षातले गुरुवार नसतात, संक्रांतीची काळी साडी नसते आणि रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदी-कुंकू तर नसतंच. आमचा निम्मा धंदा त्याच दिवसांचा!

म्हणून एका वहीत मी आपलं कॅलेंडर बनवलं. कालनिर्णयवरून तारखा उतरवल्या आणि प्रत्येक सणाच्या आधी पोस्ट कधी जायला हवी ते लिहिलं. गौरीला साडी नेसवायची असेल तर ती बाई आदल्या आठवड्यात विकत घेत नाही, श्रावणातच बघायला लागते. लग्नाच्या साड्यांची चौकशी तुळशीच्या लग्नाआधीच सुरू होते. 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन, 2015 पासून साजरा होतो. त्या दिवशी साडी विकायला काढत नाही, मागाचा व्हिडिओ टाकते. त्याला येणारे निरोप वाचून काकाही खूश होतात.

नवरात्रीचे नऊ रंग हे तयार साहित्याचं सगळ्यात मोठं पीक. पहिल्या दिवशी कोणता वार येतो त्यावर रंगांचा क्रम ठरतो, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा असा, म्हणून गेल्या वर्षीचा संच चालत नाही. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला, सोमवारी होती आणि महानवमी 1 ऑक्टोबरला. नवरात्र दहा दिवसांचं झालं. विकत मिळणारा संच नऊ चित्रांचा. त्या जादा दिवसासाठी मी सगळ्या रंगांच्या पैठण्यांच्या घड्या एकावर एक रचून गॅलरीत फोटो काढला. संपूर्ण नवरात्रात सर्वांत जास्त उत्तरं त्या एका फोटोला आली.

रोजच्या वेळा मी घराच्या कामांभोवती बसवल्या आहेत. सकाळी डबे गेले की फोटो. दुपारी दीडच्या सुमारास स्टेटस, कारण जेवणं उरकून बायका तेव्हाच निवांत फोन हातात घेतात. स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यामुळे रोज त्याच वेळी टाकलं की बघणाऱ्यांनाही सवय होते. उशीर झाला तर ‘ताई, आज काही नाही का?’ अशी विचारणा येते. चारच्या आत पार्सलं पोस्टात, स्पीड पोस्टने, आणि पावतीचा फोटो तिथूनच गिऱ्हाइकाला. रात्री नऊ ते दहा चौकशांची उत्तरं. दहानंतर ‘उद्या सकाळी कळवते’ हा निरोप आपोआप जातो. सासूबाई आधी म्हणायच्या, गिऱ्हाईक जाईल. कुणी गेलं नाही. घरात मात्र रात्रीचं जेवण सगळ्यांसोबत व्हायला लागलं.

इन्स्टाग्रामच्या पोस्ट रविवारी एकदाच बसून आठवड्याभरासाठी लावून ठेवते. ब्रॉडकास्ट लिस्ट मात्र जपून वापरते. एका यादीत 256 नंबर बसतात, पण आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी ठेवते, ‘नंबर सेव्ह करा, नवीन साड्या आधी तुम्हाला दिसतील’. एआयकडून कॅप्शनही लिहून बघितल्या. वाक्यं शुद्ध, पण ‘आपल्या सौंदर्याला द्या राजेशाही स्पर्श’ असं आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी बोलत नाही. त्याच्याकडून पार्सलांचा हिशेब आणि पत्त्यांची यादी नीट लावून घेते, ते काम तो झकास करतो.

मागच्या महिन्यात सोलापूरच्या माझ्या मावसबहिणीने इरकल साड्या विकायचं काम सुरू केलं आणि ‘ताई, तुझं सगळं तयार दे ना’ म्हणाली. तिला क्विक रिप्लायची फाईल दिली, सणांच्या वहीची झेरॉक्स दिली, परतीच्या नियमाच्या दोन ओळी दिल्या. दुपारची वेळ तिने स्वतःच बदलली. तिची बरीचशी गिऱ्हाइकं शिक्षिका आहेत, त्या शाळा सुटल्यावर, पाचनंतर फोन बघतात. फोटोंसाठी तिच्या घरी पूर्वेची खिडकी नाही, गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली बरा उजेड येतो म्हणाली. इरकलीच्या पदराचा जोड जवळून दाखव, असं मी तिला सांगितलंय. या रविवारी ती पहिले फोटो पाठवणार आहे.