वाकडा गॉगल

बुधवारी मेथी आणायला गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीकाठच्या बाजारात, गेले आणि गॉगल घेऊन आले. मेथी राहिली ती राहिलीच.

बाजारात भाजीवाल्यांची रांग संपते तिथे एकाने गोणपाटावर मोडतोड मांडली होती. किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, गंजके पाने, पितळेची एक तोटी, आणि त्या सगळ्यात एक काडी वर करून पडलेला हा. कासवाच्या पाठीसारखी तपकिरी फ्रेम, हिरवट काच. उचलला तर हाताला चांगला जड. टिचकी मारली, टण् वाजलं. अस्सल काच! आताचे गॉगल टिचकी मारली की नुसतं टक् करतात, बिचारे.

“ओरिजनल आहे ताई. ३००.”

कसला ओरिजनल ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. १२० ला सौदा ठरला.

घरी आल्यावर भिंग काढलं. जुन्या रेबॅनच्या काचेवर, बिजागरीच्या बाजूला बारीक ‘बीएल’ कोरलेलं असतं. रेबॅन गॉगल बनवणाऱ्या बॉश अँड लॉम्ब कंपनीची खूण, १९९९ मध्ये रेबॅन विकलं जाण्याआधीची. माझ्या काचेवर त्या जागी एक ओरखडा होता. बरंच झालं, खरा निघता तर कपाटात जपून ठेवावा लागला असता. फ्रेमला मात्र व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फ्रेम म्हातारी झाली की अशी आंबते. कोमट पाण्यात साबण घालून धुतली, काड्यांवरची पांढरी पूड जुन्या मलमलीने पुसली. वास थोडा गेला, थोडा राहिला. राहू दे.

आमच्या वाड्यात रेबॅन हा शब्द एका माणसामुळे आला. ते ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात होते. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत, सोनेरी तारेचा गॉगल लावून कोपऱ्यावर उभे राहायचे. आम्ही पोरं त्यांना पायलटकाका म्हणायचो. तो आकार मुळात वैमानिकांसाठीच निघालेला, उंचावरच्या उन्हाने अमेरिकन वैमानिकांचे डोळे दिपत म्हणून. १९३७ पासून तो सगळ्यांसाठी बाजारात आला. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही हात हलवायचो. काका अकाउंट्समध्ये आहेत हे कळलं तेव्हा मी सातवीत होते. फार वाईट वाटलं.

माझा पहिला गॉगल माझा नव्हताच, तो फोटो स्टुडिओचा होता. दुसरीत होते. रविवार कारंजाजवळ जिना चढून वर गेलं की मागे हंसांचं तळं रंगवलेला पडदा, पुढे लाकडी स्टूल. आरशाशेजारी दोऱ्याला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, आणि खिळ्याला एक टाय नि एक गॉगल. मी हट्टाला पेटले. “काढ ते, डोळे आलेत का तुझे?” असं आई म्हणाली. आमच्याकडे काळा चष्मा घालायला दोनच कारणं होती: डोळे येणं आणि मोतीबिंदू. पण फोटोग्राफरने तो खिळ्यावरून काढून माझ्या नाकावर ठेवलासुद्धा. त्याला आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. आतून सगळं थंड, पाण्याखाली असल्यासारखं. तळ्यातले हंस पहिल्यांदाच खरे वाटले. फोटोग्राफर दोनदा काळ्या कापडातून बाहेर आला, दोनदा त्याने माझी हनुवटी सरळ केली आणि म्हणाला, “वाकडं बसू नको गं.” मी मुळीच वाकडी बसले नव्हते.

आता ऐंशी पार केलेली आई नवा गॉगल बघून तेच म्हणाली, “डोळे आलेत का?” तिच्याशी बोलताना तो काढावा लागतो. मोठ्यांपुढे गॉगल लावून बोलणं म्हणजे चपला घालून देवघरात जाणं. भाजी घेतानाही काढते, पण ते वेगळ्या कारणाने. गॉगल असला की जुडी पाच रुपयांनी महागते.

एकच खोट होती. तो डावीकडे वर चढायचा. वाटलं, आधीच्या मालकाने एका हाताने ओढून काढायची सवय लावली असणार, काडी फाकली असणार. मेन रोडला चष्मेवाल्याकडे नेला. त्याने आधी जांभळ्या दिव्याच्या यंत्रावर काच धरली आणि मान हलवली. “काच बदला ताई. नुसत्या काळोखाने बाहुली मोठी होते, आणि ही काच सगळे अतिनील किरण काही अडवत नाही.” बदलायचं ठरलं. मग त्याने काड्या उघडून गॉगल काउंटरवर उपडा ठेवला, बोटाने दाबला. हलेना, डुलेना. पुन्हा माझ्या नाकावर ठेवला, दोन पावलं मागे सरकून बघितलं, आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात त्या आवाजात म्हणाला,

“फ्रेम सरळ आहे. तुमचा डावा कान वर आहे.”

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने गरम करून एक काडी बेताने वाकवली, पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी अल्बम काढला. हंस आहेत, तळं आहे, दोन वेण्या आहेत. हनुवटी अगदी सरळ आहे. आणि गॉगल डावीकडे वर.